रिटर्न भरून झालं, आता ताळेबंद उघडा (छोट्या धंदेवाल्यांसाठी धागा)

लेखाजोखा, राजारामपुरी | रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

मंडळी, १६ सप्टेंबरची आयकर रिटर्नची धावपळ संपली. महिनाभर ज्याच्या त्याच्या तोंडी 'झालं का भरून?' एवढंच होतं. आता फोन थांबलेत, फायली कपाटात गेल्यात आणि सगळी पेठ दिवाळीच्या मालामागं लागलीय. मी कोल्हापुरात छोट्या धंदेवाल्यांची हिशेबाची कामं करते आणि मला काळजी वाटते ती याच दिवसांची. वर्षभराचा धंदा ज्या दोन पानांवर मांडलाय ती पानं मालक स्वतः वाचतच नाहीत. सही करतात, पावती व्हॉट्सॲपवर मागवून घेतात आणि विषय मिटतो. वाचायची वेळ खरं तर आत्ताच आहे.

आधी एक तातडीचं. रिटर्न अपलोड झालं म्हणजे काम पुरं झालं असं नाही. त्याचं ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांत व्हायला लागतं. शेवटच्या दिवशी भरलं असेल तर तुमची तारीख १६ ऑक्टोबर. मुदत उलटली तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तोच दिवस रिटर्न भरल्याचा धरतात, म्हणजे वेळेत भरूनही उशिराचं शुल्क बसतं. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,००० रुपये, त्यावर ५,०००. आधारच्या ओटीपीनं होणारं काम आहे, आजच पोर्टलवर बघून घ्या.

आता मुख्य विषय. ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद समोर घ्या आणि दोनच आकड्यांवर बोट ठेवा : हातातील रोख आणि येणं, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे.

रोखीचं आधी. कागदावर दिसतात ४ लाख १० हजार. त्या रात्री गल्ल्यात खरंच एवढे होते का? बहुतेक ठिकाणी नसतात. मुलाची फी, दवाखाना, पाहुण्यांच्या लग्नातला आहेर, भिशीचा हप्ता, सगळं गल्ल्यातून जातं आणि रोजमेळात कुणी लिहीत नाही. पैसा घरात खर्च झाला, कागदावर मात्र दुकानातच पडून राहिला. दरवर्षी तो आकडा फुगत जातो. उद्या बँकेचा माणूस तपासणीला आला आणि 'एवढी रोकड दाखवा' म्हणाला, तर काय काढून दाखवणार? भरलेल्या रिटर्नमधला आकडा वहीत मागं जाऊन खोडायचा नाही. फरक कुठं गेला ते शोधा. एप्रिलनंतर घरी गेलेली रक्कम यंदाच्या वहीत उचल म्हणून लिहा. मार्चच्या आतलाच फरक मोठा असेल तर तुमच्या सीएसमोर ठेवा, सुधारित रिटर्न भरायला ३१ डिसेंबरपर्यंत वेळ आहे. आणि या महिन्यापासून घरखर्चाची एक ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला, दुकानाच्या चालू खात्यातून घरच्या बचत खात्यात टाका. गल्ल्याला घरचा हात लागायचा बंद झाला की निम्मा गुंता सुटतो.

येण्याबद्दल मी एकटीनं बोलण्यापेक्षा तुम्हीच सांगा. प्रत्येकाची उधारी वेगळी.

लेथवाला, शिवाजी उद्यमनगर

ताई, तुम्ही नेमकं दुखणं धरलं. आमच्यात कास्टिंग मशीनिंग करून पार्ट पाठवायचे, बिल करायचं आणि मग वाट बघत बसायचं. एक लाखाचा माल, वर १८ हजार जीएसटी. गिऱ्हाईक पैसे देतंय तीन महिन्यांनी, चार महिन्यांनी, पण ते १८ हजार आम्हाला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायलाच लागतात. म्हणजे गिऱ्हाइकाचा टॅक्स आपण पदरचा भरायचा, त्यासाठी बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज सोसायचं, वर पोरांचा पगार थांबवून चालत नाही. ताळेबंदात येणं ११ लाख दिसतंय आणि खात्यात डिझेलपुरते पैसे नाहीत. नफा झाला म्हणून टॅक्सपण भरला. नफा गेला कुठं असं घरात विचारतात, सांगायचं काय?

लेखाजोखा, राजारामपुरी

दादा, नफा त्या ११ लाखांत आहे. म्हणून तर ती यादी फोडायला सांगते. आजच्या तारखेला प्रत्येक येणं किती दिवसांचं झालं ते बिलानुसार लिहून काढा. ४५ दिवसांच्या आतलं एका बाजूला, ४५ ते १८० मध्ये, १८० च्या वरचं लाल शाईनं. पार्टीनिहाय एकच गोळा आकडा ठेवू नका, त्यात जुनं बिल लपतं. नवं पेमेंट आलं की जुनी थकबाकी मिटली असं वाटत राहतं.

मग तुमच्या हातातली हत्यारं बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीय ना? फुकट असते, पोर्टलवर स्वतः होते. उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं तुमच्या गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलंय. मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला थकीत राहिले, तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. इतर काही देण्यांना रिटर्नच्या तारखेपर्यंत सवलत असते, तशी इथं नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या आणि फेब्रुवारीत सगळ्या गिऱ्हाइकांना शिलकीचं, म्हणजे किती बाकी आहे ते कळवणारं, पत्र पाठवा. त्यांच्या हिशेबनिसाला ते पत्र मार्चच्या आत बरोबर कळतं.

दुसरं, तुमचं बिल १८० दिवसांत भागवलं नाही तर गिऱ्हाइकानं त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट उलटवावं लागतं. लाल शाईच्या यादीला फोन करताना हे नम्रपणे सांगा. भांडायची गरज पडत नाही.

आणि कायद्यानं उशिराच्या पैशावर व्याजही मागता येतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. ऑक्टोबर २०२५ मध्ये बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला १७.२५ टक्के. एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगांच्या मंत्रालयाच्या, पोर्टलवर तक्रार करता येते.

लेथवाला, शिवाजी उद्यमनगर

तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. शिरोलीत, कागलात मोठी गिऱ्हाइकं मोजकी आणि सगळी एकमेकांना ओळखतात. शिलकीच्या पत्राचं मात्र पटलं. ते यंदापासून चालू करतो.

लेखाजोखा, राजारामपुरी

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मीही तक्रार शेवटीच सुचवते. पण जो पुढची ऑर्डर देईल आणि तिचेही पैसे अडकवील, त्याचं काय करायचं ते तरी यादी बघून ठरवा. चार पार्ट्यांचा नफा पाचव्याच्या थकबाकीत गेलेला मी कितीतरी ताळेबंदांत बघते आणि खरंच वाईट वाटतं, कारण राबणारा माणूस दिवसाला बारा तास राबत असतो.

जे येणं बुडालंच आहे ते वर्षानुवर्षं मिरवू नका. ज्या वर्षी वहीतून उडवाल त्या वर्षी बुडीत म्हणून वजावट मिळते, ती रक्कम आधी उत्पन्नात धरलेली असली पाहिजे. त्यासाठी वहीत रीतसर नोंद लागते, नुसतं 'आता येत नाहीत' म्हणून चालत नाही. त्यावर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही, ते नुकसान आपलंच.

गुळाची ढेप, शाहूपुरी

आम्ही व्यापारी. ती १५ आणि ४५ दिवसांची भानगड आम्हाला लागू होते का? आमचीपण उद्यम नोंदणी झालीय.

दुसरं, कागद किती वर्षं ठेवायचे? २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुंभार गल्लीपर्यंत आलं, तेव्हा खालच्या कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला. उन्हात वाळत घातल्या तरी पानं सुटेनात. तेव्हापासून वडील सगळं माळ्यावर ठेवतात, आता माळाही भरला. हंगाम दारात आलाय, जागा पाहिजे.

लेखाजोखा, राजारामपुरी

व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी २०२१ पासून मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिराच्या पैशांचं संरक्षण व्यापाराला नाही. मात्र तुम्ही कुणा सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेत असाल, खोकी, पॅकिंग काहीही, तर त्याचे पैसे वेळेत द्यायचं बंधन तुमच्यावर येतं. देण्याची यादी त्या नजरेनंही एकदा बघा.

कागदांचं सांगते. जीएसटीत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ ची ती तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. आयकरासाठी कर निर्धारण वर्ष (धंद्याच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं धरून चाला, म्हणजे ३१ मार्च २०३२. गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यावर हीच तारीख मोठ्या अक्षरात लिहून टाका, पुढं कुणाला विचारायला नको. ज्या वर्षाची केस किंवा नोटीस चालू आहे ते कागद तारीख उलटली तरी हलवायचे नाहीत. जमिनीचे, मशिनरीच्या खरेदीचे आणि कर्जाचे कागद कायमचे.

आणि फोटो काढाच. पेट्रोल पंपाची, टोलची, कार्ड मशीनची पावती उष्णतेच्या कागदावर छापलेली असते. वर्षभरात ती कोरी होते. पुराची वाट बघावी लागत नाही. महिन्याच्या नावाचा फोल्डर, त्यात बिलांचे फोटो, आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्ये किंवा ऑनलाइन.

पायताण, चप्पल लाईन

ताई, आमचं दुकान लहान आहे. विक्रीच्या सहा आणि आठ टक्के नफा धरून टॅक्स भरायची स्कीम घेतलीय, म्हणून ताळेबंद वगैरे काही नाही. आमच्यासाठी यात काय आहे? यंदा ऑनलाइन ऑर्डरी वाढल्यात, इटलीच्या प्राडा ब्रँडनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्याच्या बातम्यांनंतर लोक कोल्हापुरी नावानं मागायला लागलेत. गोदामासाठी कर्ज काढायचंय.

आणि २२ सप्टेंबरपासून २,५०० पर्यंतच्या जोडाला ५ टक्के झाला. आमच्याकडं १८ टक्क्यांनी घेतलेला माल पडून आहे. तो टॅक्स बुडाला का?

लेखाजोखा, राजारामपुरी

बुडाला नाही, ताई. नियमानं घेतलेलं क्रेडिट तुमच्या लेजरमध्ये तसंच राहतं आणि विक्रीवरच्या टॅक्समध्ये वळतं करता येतं. फक्त ते संपायला वेळ लागेल, कारण विक्रीवर आता ५ च टक्के लागणार. रोख परत मिळेल असं धरून मालाची ऑर्डर देऊ नका. आणि २०२४-२५ चं एखादं खरेदीचं क्रेडिट घ्यायचं राहिलं असेल तर ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख. दिवाळीआधी २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) आणि खरेदीची बिलं एकदा जुळवून घ्या. ज्या पुरवठादाराचं बिल २बी मध्ये दिसत नाही त्याला आत्ताच फोन करा, त्याच्याही हातात वेळ असतो.

कर्जाबद्दल थोडं सविस्तर सांगते. समजा वर्षाची विक्री ६० लाख. यूपीआय आणि बँकेतून ४० लाख आले, त्याचे ६ टक्के २ लाख ४० हजार. रोखीतले २० लाख, त्याचे ८ टक्के १ लाख ६० हजार. झाले ४ लाख. हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष नफा जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा असतो, पण सवयीनं सगळे ४ वर थांबतात. मग गोदामासाठी बँकेत जाता. बँक तीन वर्षांची रिटर्न मागते आणि म्हणते, ४ लाखांच्या उत्पन्नातून हप्ता किती भरणार आणि घर कसं चालवणार? मुद्रा कर्जाची मर्यादा 'तरुण प्लस' मध्ये २० लाखांपर्यंत गेलीय, तीही आधीचं मुद्राच्या 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना. पण मर्यादा वाढली म्हणून तुमचा कागद मोठा होत नाही.

म्हणून स्कीममध्ये असलात तरी साधा रोजमेळ, स्टॉकची यादी आणि देणं-येणं ठेवा. कायदा मागत नसला तरी तुम्हाला ते लागतं. कुठल्या जोडात पैसे सुटतात, नुसत्या कुठल्या जोडाची उलाढाल होते, हे सहा टक्क्यांच्या हिशेबात कधीच कळत नाही. आणि स्कीम सोडायची झाली तर विचार करून सोडा, मध्येच बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही.

पायताण, चप्पल लाईन

स्टॉकची यादी करायला घेतली आजच. बांधणीच्या कारागिरांना दिलेली उचलपण लिहायची ना? ती तर कुठंच नाही.

लेखाजोखा, राजारामपुरी

तीच आधी लिहा. कारागिराचं नाव, तारीख, रक्कम, आणि किती जोड आल्यावर किती वळती झाली. सणाआधी दिलेली उचल सणानंतर दोघांनाही वेगवेगळी आठवते, त्यातून जुनी नाती तुटतात.

तर्री, मंगळवार पेठ

एवढं सगळं आम्हीच करायचं तर सीएला पैसे कशासाठी देतो? सकाळी चारला उठून मिसळीचा कट करायला घेतो मी. रात्री वही कोण लिहिणार?

आणि हो, १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात, मग यंदा आम्हाला बघायला नको ना?

लेखाजोखा, राजारामपुरी

दादा, सीए आकडे मांडून देतील, पण गल्ल्यातून काय गेलं ते त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? रात्री वही लिहू नका. दुकान मिटताना गल्ला मोजा, यूपीआयची बेरीज बघा आणि दोन आकडे कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. बाकीचं महिन्याच्या शेवटी लिहिणारा माणूस मिळतो. ते दोन आकडे त्या दिवशीच लिहावे लागतात.

टॅक्सचं नीट ऐका. ७५ हजारांची वजावट पगारदारांसाठी आहे. धंद्याला नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलत आहे, २०२५-२६ पासून. त्या वर गेलात तर स्लॅब ४ लाखांपासून सुरू होतात. करपात्र उत्पन्न १६ लाख झालं तर कर १ लाख २० हजार, वर ४ टक्के सेस, म्हणजे १ लाख २४ हजार ८००. नियमित वह्या ठेवणाऱ्यांनी त्यातले ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत भरायला हवे होते, १५ डिसेंबरला ७५ टक्के म्हणजे ९३ हजार ६००, आणि १५ मार्चला पूर्ण. हप्ता चुकला की महिन्याला १ टक्का व्याज. तुमच्यासारख्या सहा-आठ टक्केवाल्यांना एकच हप्ता, १५ मार्च. पण मार्चमध्ये एकदम आणणार कुठून? वेगळं बचत खातं काढा आणि दर सोमवारी थोडे टाकत जा. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका.

गुजरी कट्टा

ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो, आमच्या पेठेत हे नेहमीचं आहे. मेहुण्याकडनं, मित्राकडनं हातउसने घ्यायचे, रोख. २० हजार किंवा त्यावर रोखीनं कर्ज घेता येत नाही आणि तसंच रोखीनं परतही करता येत नाही. दंड रकमेएवढा. नातेवाईक आहे म्हणून सुटका होत नाही. ताळेबंदात 'हातउसने' असं खातं दिसलं की अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि गिऱ्हाइकाकडनं एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तरी तेवढाच दंड, तो घेणाऱ्याला. बिल फोडून दोन केली तरी व्यवहार एकच धरतात. दिवाळीच्या गर्दीत काउंटरवरच्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

आयकराच्या परताव्याच्या नावानं लिंक येतायत, त्या उघडू नका. परतावा थेट बँक खात्यात येतो, खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं असलं की झालं.

लेखाजोखा, राजारामपुरी

अगदी बरोबर. विभागाची खरी सूचना आली तर ती पोर्टलवर लॉगिन केल्यावरही दिसते, तिथंच खात्री करा. रिटर्न तपासून विभाग पाठवतो ती १४३(१) कलमाची सूचना आली की तीही वाचा. एका बाजूला तुम्ही भरलेला आकडा असतो, शेजारी विभागानं धरलेला. दोन्ही जुळले तर छापून फायलीला लावा, नाही जुळले तर लगेच सीएंना पाठवा. आणि एआयएस, म्हणजे विभागाकडं असलेली तुमच्या व्यवहारांची यादी, परत एकदा उतरवून बघा, रिटर्न भरल्यानंतरही त्यात नोंदी येत राहतात.

दोघे भाऊ, गोकुळ शिरगाव

आमची भागीदारी फर्म आहे, मी आणि थोरले. दोघांना ठरलेला पगार आणि भांडवलावर व्याज. काल कुणीतरी म्हणालं की आता आमच्याच पगारावर आम्हीच टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायचा. खरंय का?

लेखाजोखा, राजारामपुरी

खरंय. १ एप्रिल २०२५ पासून आयकराचं १९४टी हे कलम लागू झालंय. भागीदाराला दिलेला पगार, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून वर्षाला २० हजारांवर गेलं की १० टक्के. उलाढाल कितीही असो. नफ्याचा वाटा आणि भांडवलातली नुसती उचल यात येत नाही. म्हणून कुठली रक्कम पगाराची आणि कुठली उचलीची, हे त्याच दिवशी वहीत वेगळं लिहायला लागेल. मार्चमध्ये एकदम पगाराची नोंद टाकायची जुनी पद्धत असेल तर कापणीही तेव्हाच येईल, पण दरमहा खात्याला जमा टाकत असाल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावं लागतं. आधी फर्मचा टॅन (टीडीएस भरायला लागणारा क्रमांक) आहे का बघा. एप्रिलपासून पगार जमा टाकलाय आणि कापलेलं नाही असं असेल तर थोरल्यांना घेऊन या आठवड्यातच सीएंकडे जा. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ ऑक्टोबरला आहे, आणि मध्ये दिवाळीची सुट्टी येते.